नवख्याला आधी येशू भेटू द्या, सिद्धांत नंतर

ख्रिस्ती विश्वास म्हणजे नेमके काय, असे कुणी मोकळेपणाने विचारले की मंडळीतल्या बहुतेकांकडे दोनच उत्तरे तयार असतात. एक तर चार मुद्द्यांची पत्रिका हातात ठेवायची: देव तुमच्यावर प्रेम करतो, तुम्ही पापी आहात, येशू तुमच्यासाठी मरण पावला, आता त्याचा स्वीकार करा. शेवटच्या पानावर म्हणायची प्रार्थना छापलेलीच असते. नाहीतर सांगायचे, ‘रविवारी उपासनेला येत जा, हळूहळू कळेल.’ दोन्ही उत्तरांना आपण सोपे म्हणतो. पण पहिले उत्तर फक्त छोटे आहे आणि दुसरे सांगणाऱ्याच्या सोयीचे. ऐकणाऱ्याला यातले एकही सोपे जात नाही.

पत्रिकेतले एकही वाक्य खोटे नाही, म्हणून तिच्यावर टीका केली की लोक दुखावतात. अडचण निराळी आहे. ती चार वाक्ये म्हणजे ज्याने सगळी गोष्ट ऐकली आहे त्याच्यासाठी काढलेला सारांश आहे. नवख्याने गोष्टच ऐकलेली नसते. ‘पाप’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे चोरी, खून, व्यभिचार येतात आणि ‘मी तर यातले काही केले नाही’ असे तो प्रामाणिकपणे म्हणतो. ‘तुमच्यासाठी मरण पावला’ म्हटले की दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका मृत्यूचा आपल्याशी काय संबंध, हे त्याला कळत नाही. बहुतेक जण सभ्यपणाने मान डोलावतात आणि आपण त्या मान डोलावण्याला विश्वास समजून बसतो.

त्यात या सारांशातून एक मोठी गोष्ट हमखास गळते. मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलातल्या चार पुस्तकांपैकी एकात, येशूच्या प्रचाराची सुरुवात ‘देवाचे राज्य जवळ आले आहे’ या घोषणेने होते. त्याचे दाखले या राज्याभोवती फिरतात. पत्रिकेत राज्याचा उल्लेख सहसा नसतोच. त्यामुळे नवख्याला वाटते की ख्रिस्ती होणे म्हणजे मेल्यानंतरच्या जागेची आगाऊ नोंदणी, आणि आजच्या पैशाशी, रागाशी, शेजाऱ्याशी तिचा काही संबंध नाही. असा समज एकदा बसला की तो काढायला वर्षे लागतात.

विश्वासांगीकार, म्हणजे मंडळीच्या श्रद्धेची ठरलेल्या शब्दांतली कबुली, आधी शिकवावा असे म्हणणाऱ्यांचा पक्ष याहून भक्कम आहे. प्रेषितांचा विश्वासांगीकार लहान आहे, जुना आहे आणि जवळजवळ सगळ्या पाश्चात्त्य मंडळ्यांना मान्य आहे. पण तो नीट वाचून पाहावा. ‘कुमारी मरियेपासून जन्मला’ यानंतर लगेच ‘पंतय पिलाताच्या वेळेस दुःख भोगले’ येते. मधले सगळे आयुष्य, म्हणजे आजाऱ्यांना स्पर्श करणे, जकातदारांबरोबर जेवणे, डोंगरावरचे प्रवचन, शिष्यांची निवड, एका स्वल्पविरामात मावले आहे. हा दोष नव्हे. विश्वासांगीकाराची जडणघडण बाप्तिस्म्याच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांतून झाली आणि ज्याला ते प्रश्न विचारले जात त्याने येशूची गोष्ट आधी भरपूर ऐकलेली असे. प्राचीन मंडळ्यांत बाप्तिस्मा जवळ आलेल्या उमेदवारांना विश्वासांगीकार तोंडी दिला जाई, तो त्यांनी पाठ करून परत म्हणून दाखवायचा असे. म्हणजे तो शिकवणुकीच्या शेवटाकडे येई. आपण तोच पहिल्या दिवशी पुढे करतो आणि वर ‘परंपरेप्रमाणे’ म्हणतो.

श्रद्धा प्रश्न-उत्तरांतून शिकवणाऱ्या प्रश्नोत्तरीचेही तसेच. जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने 1529 साली लहान प्रश्नोत्तरी लिहिली ती बाप्तिस्मा झालेल्या पण काहीच न शिकलेल्या घरांसाठी. आदल्या वर्षी सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी करताना त्याला जे अज्ञान दिसले त्यावरचा तो उपाय होता. घरातल्यांना घराची शिस्त शिकवण्याचे साधन उंबऱ्यावरच्या पाहुण्याला दिले तर तो गोंधळणारच.

मग सुरुवात कुठून करायची? प्रेषितांची कृत्ये या पहिल्या मंडळीची हकीकत सांगणाऱ्या बायबलातल्या पुस्तकात याचे एकच उत्तर नाही, आणि ते बरेच आहे. यरुशलेमेत पेत्र योएल संदेष्ट्यापासून सुरू करतो, कारण समोर यहूदी लोक आहेत. फिलिप्प कूश देशाच्या एका अधिकाऱ्याच्या रथाजवळ जातो तेव्हा प्रथम विचारतो, की जे वाचता ते समजते का; आणि तो माणूस यशयाचा जो उतारा वाचत असतो तिथूनच पुढे बोलतो. अथेन्समध्ये पौल इस्राएलचा इतिहास काढतच नाही. अज्ञात देवाची वेदी आणि ग्रीक कवींच्या ओळी यांवरून तो बोलतो. सुरुवात ऐकणाऱ्याप्रमाणे बदलते. तिघांनाही पोहोचायचे असते ते मात्र येशूपाशी. म्हणून पहिल्या भेटीत काही सांगण्याआधी विचारावे: तुम्हाला हे जाणून घ्यावेसे का वाटले? कुणाचे लग्न ठरलेले असते, कुणाच्या घरात मृत्यू झालेला असतो, कुणी चित्रकला शिकता शिकता इथवर आलेला असतो, कुणाला नुसते कुतूहल असते. हिप्पोच्या ऑगस्टीनने इसवी सन 400 च्या सुमारास कार्थेजच्या एका डीकनला (मंडळीच्या सेवकाला) नेमके हेच सुचवले होते. तेच तेच सांगून कंटाळा येतो अशी त्या डीकनची तक्रार होती. ऑगस्टीनने त्याला उमेदवार कशासाठी आला हे आधी विचारायला सांगितले, ऐकणारा उभ्याने थकला असेल तर त्याला बसायला द्यायला सांगितले आणि नमुन्यादाखल एक लांब व एक लहान निवेदन लिहून दिले. सोळाशे वर्षांत या कामातल्या अडचणी फारशा बदललेल्या नाहीत.

एका मुद्द्यावर मात्र ऑगस्टीनशी मतभेद आहे. त्याचे निवेदन बायबलाच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू होऊन मंडळीच्या काळापर्यंत येते. आज तो क्रम चालत नाही. बायबल उघडून पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केलेला माणूस दुसऱ्या पुस्तकाच्या, निर्गमच्या, उत्तरार्धात, निवासमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) पडद्यांची आणि कड्यांची मापे मोजता मोजता थकतो. त्यानंतरचे लेवीय तर बहुतेकांना पार होतच नाही. प्रॉटेस्टंट बायबलात नव्या कराराआधी 929 अध्याय आहेत, कॅथलिक बायबलात त्याहून अधिक. इतके चालून झाल्यावर येशू भेटेल असे सांगणे म्हणजे भेट नाकारणेच झाले.

यावर एक गंभीर आक्षेप येतो: निर्मिती आणि पतन (माणूस पापात पडल्याची गोष्ट) ठाऊक नसेल तर वधस्तंभाचा अर्थ कसा लागेल? आक्षेप बरोबर आहे, त्यातून काढलेला क्रम चुकीचा आहे. मार्काच्या दुसऱ्याच अध्यायात चार जण छप्पर उसकटून एका पक्षाघाती माणसाला खाली सोडतात आणि येशू त्याला आधी बरे करत नाही. तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, असे म्हणतो. खोलीतला प्रत्येक नवखा इथे थबकतो. पाय लुळे पडलेल्याला हे काय सांगतोय? हा प्रश्न त्याच्याच तोंडून आला की मग उत्पत्तीचा तिसरा अध्याय काढावा. फक्त 24 वचने आहेत. प्रश्न आधी पडल्यामुळे ती वचने तो कान देऊन ऐकतो. जुना करार असाच लागेल तिथे, लागेल तेवढा आणावा: शेवटच्या भोजनाच्या वेळी निर्गम 12, वधस्तंभाच्या वेळी स्तोत्र 22 आणि यशया 53. आठ-दहा आठवड्यांत एवढे पुरे.

शुभवर्तमान मार्काचे का? ते सर्वांत लहान आहे, 16 अध्यायांचे. मोठ्याने वाचले तर सुमारे दीड तासात संपते. बहुतेक अभ्यासकांच्या मते चौघांत सर्वांत आधीचेही तेच, साधारण इसवी सन 65 ते 70 च्या आसपासचे. त्यात लांब प्रवचने कमी आणि घटना जास्त. पुष्कळ जण योहानाचे शुभवर्तमान देतात. ते दुसऱ्या खेपेला द्यावे. त्याची प्रस्तावना सुंदर आहे, पण ‘प्रारंभी शब्द होता’ या वाक्यावरच नवखा अडतो आणि मग सांगणारा तत्त्वज्ञानात शिरतो. लूक चालेल, दाखल्यांची आवड असणाऱ्यांना तो अधिक भावतो. फक्त 24 अध्याय लागतात. पण एकच घ्यावे आणि पूर्ण घ्यावे. चार शुभवर्तमानांतले आवडते तुकडे जोडून तयार केलेला येशू गुळगुळीत होतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे.

पहिली बैठक नुसती ऐकण्याची ठेवावी. दोन वाचक आलटून पालटून पूर्ण मार्क वाचतील. 8:26 पाशी, म्हणजे आठव्या अध्यायाच्या 26व्या वचनापाशी, वीस मिनिटांची सुट्टी. मध्ये स्पष्टीकरण नाही, चर्चा नाही. हे ऐकून अनुभवी कार्यकर्तेही बिचकतात: दीड तास कोण बसेल? चित्रपटाला अडीच तास बसणारी माणसे नीट वाचलेल्या गोष्टीला बसतात. वाचन वाईट असेल तर मात्र दहा मिनिटेही बसत नाहीत, म्हणून वाचकांनी आधी दोनदा मोठ्याने सराव केलाच पाहिजे. उपासनेत जो संथ, हेलकावणारा सूर लागतो तो इथे कटाक्षाने टाळावा.

त्यानंतर आठ बैठका, प्रत्येकी 75 ते 90 मिनिटे. विभागणी समान पानांची करू नये, कथेच्या वळणांप्रमाणे करावी: 1:1 ते 3:6, तिथून 4:34, मग 6:6, मग 8:26, पाचवीत 8:27 ते नवव्या अध्यायाचा शेवट, सहावीत 10 ते 12, सातवीत 13 व 14, आठवीत 15 व 16. सहावी जड आहे, तिचे दोन आठवडे केले तरी बिघडत नाही. पहिला भाग 3:6 वर का तोडायचा तर तिथे परूशी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारा यहूदी गट) आणि हेरोदी (हेरोदाचे पाठीराखे) येशूला मारण्याचा कट करतात. तिसऱ्याच अध्यायात! हा माणूस इतक्या लवकर इतका धोकादायक का वाटला, हा प्रश्न घेऊन लोक घरी गेले पाहिजेत.

उतारा साध्या कागदावर मोठ्या अक्षरात छापून द्यावा, उजवीकडे लिहायला समास सोडून. नवख्याला भले मोठे बायबल देऊन ‘मार्क, अध्याय पाच, वचन एकवीस’ म्हटले की तो पाने चाळत राहतो, शेजारचा मदतीला येतो, आणि सगळ्यांना येते ते आपल्याला येत नाही हा पहिला धडा त्याला मिळतो. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, स्टीफन लँगटनच्या नावावर असलेली. नव्या कराराच्या वचनांचे आकडे रोबेर एस्तिएनने 1551 मध्ये घातले. त्यांच्यावाचून मंडळीची हजार-बाराशे वर्षे अडले नव्हते, नवख्याचे आठ आठवडे अडणार नाही. पूर्ण बायबल शेवटी द्यावे.

गट सहा ते आठ जणांचा. त्यात विश्वासणारे दोनच. पाच विश्वासणारे आणि एक नवखा असा गट झाला की ती उलटतपासणी होते. पाचही जण चांगल्या हेतूने त्याला वाचवायला निघतात. चालवणाऱ्याने एकूण वेळेच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त बोलू नये. प्रश्न प्रत्येक वेळी तेच तीन पुरतात: येशू इथे काय करतो आणि काय म्हणतो? भोवतालचे लोक कसे वागतात? तुम्हाला काय खटकले? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि तोच सर्वाधिक गाळला जातो. कुणी काही विचारले की चालवणाऱ्याने लगेच उत्तर देऊ नये. आधी गटाला विचारावे, की मजकुरात याविषयी काही दिसते का. उत्तर माहीत नसेल तर ‘पुढच्या आठवड्यात सांगतो’ म्हणावे आणि खरेच सांगावे. हे दुसरे राहून गेले तर पहिल्याला काही किंमत उरत नाही.

पार्श्वभूमीसाठी एकच कागद. त्यावर गालील, शोमरोन आणि यहूदीया यांचा नकाशा. नासरेथ ते यरुशलेम सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर हे अंतर. आणि सात-आठ नोंदी: रोमी सत्ता, हेरोद अंतिपा, सुभेदार पिलात (इसवी सन 26 ते 36), मंदिर, शब्बाथ, परूशी, जकातदार, मशीहाची वाट पाहणे. यहूदी लोक म्हणजे खलनायक, असे चित्र उभे राहू देऊ नये. येशू यहूदी, त्याची आई यहूदी, बाराही शिष्य यहूदी, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावे. या बाबतीत मंडळीच्या इतिहासात फार मोठे पाप घडले आहे आणि त्याची मुळे असल्याच ढिलाईत होती.

अवघड जागा टाळाव्यात, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. पाचव्या अध्यायात डुकरांचा कळप कड्यावरून समुद्रात पडतो. सातव्यात येशू यहूदी नसलेल्या एका सुरफुनीकी बाईशी कुत्र्यांची उपमा वापरून बोलतो. अकराव्यात हंगाम नसताना अंजिराच्या झाडाला शाप देतो. नवख्याला हे दिसतेच. आपण घाईने पुढे गेलो तर आपल्यालाही हे अवघड वाटते आणि आपण लपवतो आहोत, एवढे त्याला कळते. त्यापेक्षा मार्काची लिहिण्याची तऱ्हा दाखवावी. तो एका गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट घालतो. अंजिराचे झाड, मग मंदिराची झाडाझडती, मग पुन्हा वाळलेले झाड. म्हणजे पाने भरपूर आणि फळ नाही हा निवाडा झाडापेक्षा मंदिरावर आहे. याईराची मुलगी आणि रक्तस्रावी बाई यांचेही असेच: मुलगी बारा वर्षांची, बाई बारा वर्षे आजारी, एकीसाठी प्रतिष्ठित बाप पाया पडतो, दुसरी गर्दीत चोरून वस्त्राला शिवते. दोघींसाठी येशू थांबतो, आणि बाईसाठी थांबल्यामुळे मुलीकडे पोहोचायला उशीर होतो. हे लक्षात आणून दिले की लोक पुढचे उतारे स्वतः उलगडू लागतात. सुरफुनीकी बाईचे उत्तर मात्र पूर्ण पचत नाही, आणि तसे सांगावे. तिने येशूच्याच शब्दात त्याला पकडले आणि त्याने तिचे म्हणणे मान्य केले, एवढे मजकुरात स्वच्छ दिसते. उरलेली बोच राहू द्यावी.

शेवटाचेही तेच. चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत जुन्या मोठ्या हस्तलिखितांत मार्क 16:8 वर संपतो: स्त्रिया रिकाम्या कबरेपासून थरथरत पळतात आणि भीतीमुळे कुणाला काही सांगत नाहीत. पुढची बारा वचने त्यांत नाहीत. नवखा फोनवर हे दोन मिनिटांत शोधून काढेल. त्याने शोधण्याआधी आपण सांगितलेले बरे. मग 1 करिंथ 15:3 ते 8 वाचावे. ते पत्र पन्नाशीच्या दशकातले, म्हणजे मार्काहूनही आधीचे. त्यात पुनरुत्थित येशू कुणाकुणाला दिसला त्याची यादी आहे आणि पौल ती आपल्याला मिळालेली म्हणून पुढे देतो. पुनरुत्थान विश्वासाने स्वीकारायचे असले तरी मंडळीने ते कधीपासून आणि कोणत्या शब्दांत सांगितले हा इतिहासाचा भाग आहे, तो हातात द्यायलाच हवा.

या सगळ्यात त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव ही शिकवण, कुठे येते? लोक नको तिथे आणतात. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ‘तीन देव का?’ विचारतो आणि उत्साही कार्यकर्ता पाणी, बर्फ, वाफ सुरू करतो. ही उपमा टाकून द्यावी. एकच पाणी वेगवेगळ्या वेळी तीन रूपे घेते, तसा एकच देव तीन मुखवटे बदलतो, ही सबेलियसच्या नावाने ओळखली जाणारी शिकवण मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारली. एकच माणूस कुणाचा बाप, कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा, हीसुद्धा तीच चूक. तीन पाने असलेली डहाळी घेतली तर प्रत्येकाच्या वाट्याला देवाचा तिसरा हिस्सा येतो. उपमा जितकी सोपी तितकी ती लवकर चुकते. त्यापेक्षा मार्क 1:9 ते 11 पुन्हा वाचावे: पुत्र पाण्यातून वर येतो आहे, आत्मा त्याच्यावर उतरतो आहे आणि आकाशातून वाणी होते, सगळे एकाच क्षणी. हे तिघे एकमेकांशी बोलतात, आणि तरी हे सांगणारे पहिले ख्रिस्ती देव एकच आहे असे शपथेवर म्हणतात. 12:29 मध्ये येशूही तेच म्हणतो. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा धरायच्या यावर मंडळीने 325 साली निकियात आणि 381 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये शब्द शोधले. नवख्याला पहिल्या महिन्यात एवढे पुरे. प्रश्न कुठून आला हे त्याला कळले तर उत्तरासाठी तो थांबू शकतो.

शिकवताना तीन थर मनात वेगळे ठेवले तर बरेच गोंधळ टळतात. सगळ्या मुख्य मंडळ्यांना मान्य असलेला गाभा एक. पंथापंथांत मतभेद असलेल्या गोष्टी दुसऱ्या: तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा, पोपचा अधिकार, संतांना विनवणी, प्रभुभोजनात नेमके काय घडते. आणि तिसरा थर निव्वळ सवयीचा: संगीत कोणते, कपडे कसे, प्रार्थनेत हात वर की जोडलेले. तिसऱ्या थराला पहिल्याचे वजन देणे हा आपला जुना रोग आहे. दुसऱ्या थरातले प्रश्न आले की ‘आम्ही असे मानतो, अमुक मंडळी तसे मानते, दोघांची कारणे ही’ असे सरळ सांगावे. दुसऱ्या पंथाची टर उडवून आपली बाजू पक्की होत नाही. नवखा दुसऱ्या पंथात गेला तर? जाऊ द्यावा.

उपासनेला नेण्याआधी दहा मिनिटांची तयारी लागते. किती वेळ चालेल, कधी उभे राहतात, गीतपुस्तक कुठे असते, दानाची थैली आली की पुढे सरकवली तरी चालते, हे आधी सांगावे. प्रभुभोजनाचे तर नक्कीच. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत बाप्तिस्मा न झालेल्याला ते दिले जात नाही, बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही बाप्तिस्मा अपेक्षित असतो. काही ठिकाणी आशीर्वादासाठी पुढे येता येते. हे वेदीपुढे उभे राहिल्यावर कळले तर अपमान होतो, आणि तो माणूस पुन्हा येत नाही. का देत नाहीत याचेही कारण सांगावे: ते पाहुणचाराचे जेवण नाही, त्यामागे एक बांधिलकी आहे जी अजून त्याने घेतलेली नाही.

प्रार्थना शिकवताना प्रभूची प्रार्थना पुरते. आठवड्याला एक मागणी, एवढा वेग ठेवावा. मोठ्याने प्रार्थना करायला कुणालाही भाग पाडू नये. गोलात बसून ‘आता एकेकाने’ हा प्रकार नवख्याला परीक्षेसारखा वाटतो. गप्प बसणे हीसुद्धा प्रार्थना असू शकते, आणि नुसते गप्प बसणे म्हणून तो बसला असेल तरी काही बिघडत नाही.

आता सर्वांत वादाचा मुद्दा: निर्णय केव्हा मागायचा? पहिल्या संध्याकाळी, संगीत चालू असताना, डोळे मिटून हात वर करायला सांगणे, याला माझा पूर्ण विरोध आहे. दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस धावत येऊन गुडघे टेकतो. आपल्याकडे असा कुणी आला तर आपण त्याच संध्याकाळी त्याची नोंद करून घेऊ. येशू त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रेम करतो, असे मार्क मुद्दाम लिहितो, आणि मग त्याला सगळ्यांत कठीण गोष्ट सांगतो. तो माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्यामागे जात नाही, अट कमी करत नाही. आठव्या अध्यायात तर तो गर्दीला बोलावून वधस्तंभ उचलण्याविषयी सांगतो. किंमत आधी सांगणे हा येशूचा परिपाठ आहे. किंमत लपवून घेतलेला होकार त्याच्या नावावर कसा मांडायचा?

याच कारणाने काही गोष्टी या कामापासून काटेकोरपणे दूर ठेवाव्यात. आर्थिक मदत, नोकरी, शाळेतला प्रवेश, दवाखान्यातली सवलत देणारा हात आणि विश्वासाची ओळख करून देणारा हात एकच असू नये. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो नाही म्हणू शकत नाही, आणि नाही म्हणता न येणाऱ्याच्या हो ला अर्थ नसतो. आजार बरा होण्याचे आश्वासन देऊ नये; आजाऱ्यासाठी प्रार्थना अवश्य करावी. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवले आणि तो निघाला नाही, हे बायबलातच आहे. अल्पवयीन मुलांना आईवडिलांच्या नकळत बोलावू नये. नवख्याच्या घरच्या श्रद्धेची निंदा तर मुळीच करू नये. त्याच्या आजीने जपलेल्या भक्तीला हसून कुणाचे प्रेम मिळत नाही. घर तोडण्याचा सल्ला देऊ नये. हे सगळे पाळले तर संख्या घटते. घटू द्यावी.

एवढा वेळ कुणाकडे आहे, असे विचारणाऱ्यांनी सुरुवातीच्या मंडळीकडे पाहावे. पहिल्या शतकाच्या अखेरीच्या किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीच्या ‘दिदाखे’ या छोट्या मार्गदर्शिकेत बाप्तिस्म्याआधी जीवनाचा मार्ग आणि मरणाचा मार्ग शिकवायला सांगितले आहे: शत्रूसाठी प्रार्थना, मागेल त्याला देणे, खोटे न बोलणे. मग उमेदवाराने एक-दोन दिवस उपास करायचा. पुढे काही ठिकाणी तयारीचा काळ तीन वर्षांपर्यंत गेला. कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1972 मध्ये प्रौढांसाठीची ही टप्प्याटप्प्याची तयारी पुन्हा रीतसर सुरू केली, आणि तिच्यात पहिला टप्पा चौकशीचाच आहे, ज्यात कुठलेही वचन द्यावे लागत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी यातून शिकायला हरकत नसावी.

त्याच दिदाखेत बाप्तिस्म्याच्या पाण्याविषयीही सांगितले आहे: वाहते पाणी असावे, नसेल तर दुसरे, गार नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे. शिकवणुकीत आग्रह, पाण्यात सवलत. आज पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे दिसते.

बाप्तिस्म्यानंतर शिकवणे थांबते, आणि गळती तिथेच होते. चौथ्या शतकात यरुशलेमेत उमेदवारांना बाप्तिस्म्याआधी अठरा व्याख्याने दिली जात; सिरिल या बिशपच्या नावाने ती आजही उपलब्ध आहेत. पण बाप्तिस्म्यानंतर, पुनरुत्थानसणाच्या आठवड्यात, आणखी पाच असत: तुमच्यावर तेल का लावले, पांढरी वस्त्रे का दिली, तुम्ही काय खाल्ले आणि प्यालात. अनुभव आधी, स्पष्टीकरण मग. आपल्याकडे बाप्तिस्म्याचा फोटो निघतो आणि पुढच्या रविवारपासून तो माणूस गर्दीत हरवतो. त्याला पहिले वर्षभर एक ठरलेला सोबती हवा, मंडळीच्या पदाधिकाऱ्यांपैकी नसलेला. एक छोटे काम हवे, ज्यात व्यासपीठावर चढावे लागणार नाही. आणि वाचायला पुढचे काही हवे. लूकाचे 24 आणि प्रेषितांच्या कृत्यांचे 28 मिळून 52 अध्याय होतात. दोन्ही पुस्तके एकाच लेखकाची, दुसरे पहिल्याच्या पुढे चालणारे. आठवड्याला एक अध्याय, सोबत्याबरोबर, तेच तीन प्रश्न घेऊन वाचला तर वर्ष पुरते, आणि कृत्यांच्या शेवटी पौल रोममध्ये नजरकैदेत असूनही येईल त्याला दार उघडून सांगत बसलेला भेटतो.